भट्टी तीच ठेवली, मिश्रण बदललं: जपानी टाईल कंपनीच्या १९५३ च्या प्रयोगाचा आठ ओळींचा तक्ता

क्वालिटीच्या कुठल्याही ट्रेनिंगला जा, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर गेनिची तागुची हे जपानी क्वालिटी तज्ज्ञ येतात आणि त्यांच्या मागोमाग टाईल कंपनीची गोष्ट येते. दोन मिनिटांत संपते. भट्टीत तापमान सारखं नव्हतं, टाईल्स लहानमोठ्या निघायच्या, नवी भट्टी परवडत नव्हती, मग मिश्रणात चुना वाढवला आणि रिजेक्शन गेलं. संपलं, चहा. गोष्ट खरीय, त्यात वाद नाही, पण एवढीच सांगितली की ऐकणाऱ्याला वाटतं जपान्यांना कुठलातरी जादूचा चुना सापडला, आणि आपल्या शॉपफ्लोअरवर तसा चुना नाही म्हणून तो वही मिटून टाकतो. खरा माल त्या प्रयोगाच्या आठ ओळींच्या तक्त्यात आहे आणि तो तक्ता कोणी शांतपणे वाचून दाखवत नाही, म्हणून इथे तेवढंच करतोय.

कंपनीचं नाव इना सेइतो. गाव टोकोनामे, आयची प्रांतातलं, शेकडो वर्षांपासून मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेलं. कंपनी १९२४ ची (तागुचींचा जन्म पण १९२४ चाच, निव्वळ योगायोग). पुढे १९८५ ला हिचंच नाव आयनॅक्स झालं आणि २०११ ला ती लिक्सिलमध्ये विलीन झाली, म्हणजे बाथरूम फिटिंगच्या दुकानात गेलात तर नाव ओळखीचं वाटेल. प्रयोग १९५३ चा. युद्ध संपून आठच वर्षं झालेली, देश परत बांधायला काढलेला, टाईल्सना मागणी भरपूर आणि भांडवल मात्र तोळामासा.

नेमकं बिघडत काय होतं

टनेल भट्टी म्हणजे लांबच लांब बोगदा, मधून रूळ, रुळावर टाईल्सच्या थप्प्या लावलेल्या गाड्या. गाडी हळूहळू पुढे सरकते, आधी तापते, मग मधल्या भागात भाजली जाते, मग थंड होत बाहेर येते. आता थप्पीच्या बाहेरच्या बाजूच्या टाईलला लागणारी धग आणि थप्पीच्या पोटातल्या टाईलला लागणारी धग सारखी कशी असेल? आपल्याकडे कुंभाराचा आवा ज्याने बघितलाय त्याला हे सांगायला नको, कडेची मडकी आणि मधली मडकी कधी एकसारखी निघत नाहीत. फरक एवढाच की मडकं बोटभर लहानमोठं झालं तरी पाणी गार करतं, टाईलचं तसं नसतं.

टाईल लहानमोठी झाली की काय होतं ते गवंड्याला विचारा. दोरी धरून पहिली ओळ लावली, दुसरी लावली, तिसऱ्या ओळीत सांधा पळायला लागतो, एक टाईल जराशी मोठी म्हणून पुढची सरकते, गुण्या लावला की कोपरा जुळत नाही, मग तो एकेक टाईल हातात घेऊन मापत बसतो नाहीतर सांध्यात जास्तीची पांढरी सिमेंट भरून वेळ मारून नेतो. घरमालक वैतागतो, दुकानदाराला फोन जातो आणि तिथून तो कंपनीकडे येतो. म्हणजे कारखान्यात 'मापाबाहेर' एवढ्या एका शब्दात जे लिहिलं जातं त्याचा त्रास चार माणसांकडे फिरून परत येतो.

भट्टीतल्या असमान तापमानामुळे हे होतंय हे त्यांना माहीत होतं. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडतो. इथे रूट कॉज (मूळ कारण) शोधायला कोणी मासळीच्या काट्याची आकृती काढत बसलं नव्हतं, पाच वेळा 'का' विचारायची पण गरज नव्हती. कारण पहिल्या दिवसापासून समोर होतं, फक्त ते दूर करायला भट्टी बदलायला लागत होती नाहीतर तिचं डिझाईन नव्याने करायला लागत होतं, आणि त्याचा खर्च अवाढव्य होता.

आता आपली सवय काय आहे बघा. कस्टमरचा ८डी फॉर्म (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा आठ पायऱ्यांचा फॉर्म) भरायचा, त्यात रूट कॉजचा रकाना, मग तो कॉज कायमचा कसा घालवला याचा रकाना. दुसऱ्या रकान्यात नवीन मशीन लिहिलं की मालकाकडे फाईल जाते, मालक म्हणतो बघू पुढच्या वर्षी, आणि तोपर्यंत तपासणीला दोन माणसं वाढवली जातात. ती दोन माणसं मग कायमची तिथेच. मी पाहिलेल्या निम्म्या कारखान्यांत 'तात्पुरती' म्हणून चालू झालेली १००% तपासणी अजून चालूय. निवडून वेगळं काढणं म्हणजे माती, कोळसा, मजुरी सगळं घालून माल बनवायचा आणि शेवटी तो वाईट आहे हे कळण्यासाठी परत पैसे द्यायचे.

इनाच्या इंजिनीअरांनी प्रश्नच बदलला. तापमान वरखाली होणार हे धरून चाला, मग अशी कुठली माती करता येईल की तिला त्या वरखाली होण्याचा फारसा फरकच पडणार नाही? कारण जागेवर राहू दे, त्याचा परिणाम बोथट करू. तागुचींच्या सगळ्या पद्धतीचा गाभा हाच, पुढे याला रोबस्ट डिझाईन असं भारदस्त नाव मिळालं.

सात गोष्टी, आठ चाचण्या

मिश्रणात आणि दळणात हातात असलेल्या सात गोष्टी त्यांनी निवडल्या आणि प्रत्येकीच्या दोन पातळ्या ठरवल्या, बहुतेक ठिकाणी एक चालू असलेली आणि एक नवीन. चुना चालू होता १%, तो ५% करून बघायचा. त्यात घालायचा पूरक पदार्थ जाडसर दळलेला वापरत होते, तो बारीक करून बघायचा. ॲगाल्मॅटोलाइट नावाचा एक मऊ दगड, पायरोफिलाइटच्या जातीतला, मिश्रणात ५३% जायचा, तो ४३% वर आणायचा. त्याच दगडाचा दुसरा प्रकार वापरून बघायचा. एका वेळी १२०० किलो माल चार्ज करायचे (भरायचे), तो १३०० किलो करून बघायचा. वाया गेलेला माल (परतीचा माल) परत मिश्रणात ४% घालायचे, तो शून्य करून बघायचा. आणि फेल्स्पार नावाचं खनिज ५% होतं, ते अजिबात न घालता बघायचं.

यादी परत एकदा वाचा, पण अकाउंटंटच्या नजरेने. फेल्स्पार काढणं म्हणजे बचत. महागडा दगड ५३ वरून ४३ टक्क्यांवर आणणं म्हणजे बचत. १२०० चं १३०० करणं म्हणजे जास्त उत्पादन. सातपैकी तीन गोष्टी क्वालिटी सुधारायला आलेल्याच नव्हत्या, त्या खर्च कमी करायला आल्या होत्या! एकाच प्रयोगात दोन्ही प्रश्न विचारून घेतले. आपल्याकडे कॉस्ट रिडक्शनची टीम वेगळी, क्वालिटीची वेगळी, एक जण मटेरियल स्वस्त करतो आणि दुसरा तीन महिन्यांनी रिजेक्शन का वाढलं म्हणून मीटिंग लावतो.

सात गोष्टी, प्रत्येकीच्या दोन पातळ्या म्हणजे सगळी कॉम्बिनेशन्स करायची तर १२८ चाचण्या. कोणता कारखाना एवढ्या चाचण्या करू देईल? त्यांनी आठ केल्या. एल८ नावाची रचना आहे, आठ ओळी आणि सात रकाने, प्रत्येक रकान्यात १ आणि २ हे आकडे चार-चार वेळा, आणि अशा हिशोबाने मांडलेले की कुठलेही दोन रकाने घेतले तर १-१, १-२, २-१, २-२ या चारही जोड्या सारख्याच वेळा येतात. त्यामुळे चुन्याची तुलना करताना बाकीच्या सहा गोष्टी दोन्ही बाजूंना समसमान वाटल्या जातात. प्रत्येक चाचणीच्या १०० टाईल्स तपासल्या, म्हणजे एकूण ८००, आणि गंमत अशी की सातही प्रश्नांची उत्तरं त्याच ८०० टाईल्स देतात, प्रत्येक प्रश्नासाठी एका बाजूला ४०० आणि दुसऱ्या बाजूला ४००. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणाऱ्याला एवढ्याच टाईल्समध्ये इतकी पक्की उत्तरं कधीच मिळत नाहीत.

आठ ओळींत वाईट निघालेल्या टाईल्स अशा: १६, १७, १२, ६, ६, ६८, ४२, २६. एकूण ८०० पैकी १९३, म्हणजे सरासरी २४ टक्क्यांच्या जरा वर.

आता बेरजा करा, कॅल्क्युलेटर पण लागत नाही. पहिल्या चार ओळींत चुना ५% होता, तिथे ४०० पैकी ५१ वाईट. खालच्या चार ओळींत चुना जुनाच १%, तिथे १४२. परतीचा माल शून्य असताना ५४, ४% असताना १३९. फेल्स्पार ५% असताना ६१, काढून टाकल्यावर १३२. चार्ज १२०० किलो असताना ७१, १३०० केल्यावर १२२. दगडाचा जुना प्रकार ७६, नवीन ११७. पूरक पदार्थ बारीक ८६, जाडसर १०७. आणि तो महागडा दगड: ५३% असताना ९२, ४३% असताना १०१.

ही शेवटची जोडी बघितली का? ४०० टाईल्समागे फरक फक्त ९ चा. क्वालिटीवाला म्हणेल ५३% ला कमी वाईट निघतात, तेच ठेवा. त्यांनी ४३% घेतलं. कारण तो दगड महाग आणि त्याच्या कमी-जास्त असण्याने टाईलला जवळजवळ काही फरकच पडत नाही हे आता हातात आकड्यानिशी होतं. 'फरक पडत नाही' हे उत्तर लोक फुकट घालवतात, रिपोर्टमध्ये 'परिणामकारक नाही' लिहून पान उलटतात, पण बचतीचा सगळ्यात बिनधोक रस्ता तिथूनच जातो. चुना तर त्या मिश्रणातला सगळ्यात स्वस्त घटक. म्हणजे स्वस्त गोष्ट वाढवली, महाग गोष्ट कमी केली आणि रिजेक्शन खाली आणलं, तिन्ही एकदम.

फेल्स्पार काढायचा आणि चार्ज वाढवायचा, हे दोन्ही बचतीचे बेत मात्र फसले आणि ते जुन्या पातळीवरच ठेवले, दगडाचा प्रकार पण जुनाच. सातपैकी बदललं चार: चुना ५%, पूरक पदार्थ बारीक, दगड ४३%, परतीचा माल बंद.

चुना नेमकं काय करतो? चुना पुरेसा असला की भाजताना टाईलची माती कमी आकसते, आणि तापमान काही अंशांनी इकडेतिकडे झालं तरी आकसणं फारसं बदलत नाही. मग थप्पीच्या बाहेरची आणि पोटातली, दोन्ही टाईल्स जवळपास एकाच मापाच्या बाहेर येतात. चुना १ वरून ५ टक्क्यांवर नेल्यावर मापातला फरक दहा पटीने कमी झाला असं या प्रयोगाबद्दल नोंदलेलं आहे, आणि रिजेक्शन ३०% वरून १% च्या आत आलं हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. भट्टीला हात लावला नाही.

पाचवी ओळ

पाचव्या ओळीत काय होतं बघा: चुना जुना १%, पूरक पदार्थ जुना जाडसर, दगड जुना ५३%, प्रकार जुना, चार्ज जुना १२०० किलो, फेल्स्पार जुना ५%. सगळं जुनं! फक्त परतीचा माल ४ ऐवजी शून्य. आणि वाईट टाईल्स १०० पैकी ६. म्हणजे चुन्याला हात न लावता, एक पैशाचं नवीन काही न आणता, नुसतं वाया गेलेला माल परत घालणं बंद केलं असतं तरी रिजेक्शन ३० वरून कुठल्या कुठे आलं असतं. बेरजेत पण तेच दिसतं, चुन्याचा फरक ९१ चा आणि परतीच्या मालाचा ८५ चा, जवळजवळ बरोबरीचे. तरी गोष्टीत नाव चुन्याचंच. चुना वाढवण्याची गोष्ट सांगायला छान वाटते, 'भंगार परत टाकू नका' यात कसली गोष्ट!

यावर मी बराच विचार केला, कारण हे आपल्याकडे रोज होतं. प्लास्टिक मोल्डिंगवाल्याकडे रनर (साच्याच्या वाटेत गोठलेलं जास्तीचं प्लास्टिक) आणि रिजेक्ट पार्ट ग्राइंड करून परत हॉपरमध्ये, कोल्हापूरच्या फाउंड्रीत रायझर (ओतकामातला जास्तीचा धातू) आणि रिजेक्ट कास्टिंग परत भट्टीत. वाया काही जाऊ द्यायचं नाही ही चांगलीच वृत्ती आहे आणि योग्य प्रमाणात, स्वच्छ ठेवून केलं तर चालतं पण. पण टाईलच्या तक्त्यावरून मला दिसतं ते असं की यात एक चक्र लपलेलं असू शकतं: रिजेक्शन जास्त म्हणून परतीचा माल जास्त, परतीचा माल मिसळला म्हणून पुढच्या लॉटचं रिजेक्शन जास्त, म्हणून अजून परतीचा माल. आणि अकाउंटमध्ये हे चक्र बचत म्हणून दिसतं, कारण स्क्रॅपची किंमत 'वसूल' झालेली असते. त्या ४% परतीच्या मालावर इनाने जेवढे वाचवले असतील त्याच्या कितीतरी पट तो माल त्यांना महाग पडत होता.

मग नुसती पाचवी ओळच का नाही घेतली? एक तर १०० टाईल्सवर ६ म्हणजे पुढच्या शंभरात ३ निघतील किंवा १० निघतील, एका ओळीवर कारखाना चालवत नाहीत, म्हणूनच तर ४००-४०० च्या बेरजा करतात. दुसरं, ६% वर थांबायचं कशाला.

हिशोबातला एक मजेशीर खड्डा

नवीन मिश्रण त्या आठ ओळींत कुठेच नव्हतं, म्हणून त्याचं रिजेक्शन किती येईल याचा अंदाज आधी बांधावा लागतो. सरळ टक्के घेऊन बेरीज-वजाबाकी केली (सरासरी २४, चुन्यामुळे इतके कमी, परतीच्या मालामुळे इतके कमी, असं करत) तर उत्तर येतं उणे वीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभर टाईल्समागे वीस वाईट टाईल्स कमी, शून्यापेक्षा कमी! कितीतरी इम्प्रूव्हमेंट प्रोजेक्टचे स्लाईड असेच असतात, पाच सुधारणांचे पाच फायदे जोडत गेलं की शंभराच्या पुढे बचत. टक्के असे जोडता येत नाहीत. तागुची त्यासाठी वाईट आणि चांगल्या टाईल्सचं गुणोत्तर काढून त्याचा लॉगरिदम घेतात, डेसिबलमध्ये, त्यात बेरीज करतात आणि मग परत टक्क्यात येतात. मी तसं करून बघितलं तर अंदाज येतो दोन टक्क्यांच्या जरा आत. हे पटण्यासारखं आहे. त्यानंतर ते मिश्रण प्रत्यक्ष भाजून खात्री करणं ही पायरी सोडायची नाही, आणि आपल्याकडे नेमकी तीच सोडतात, कारण तोपर्यंत प्रेझेंटेशनची तारीख आलेली असते.

टीका पण ऐकून घ्या

जॉर्ज बॉक्स आणि इतर संख्याशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात, तागुचींची पद्धत अमेरिकेत गाजायला लागल्यावर, बरीच झोड उठवली आणि त्यातली एक गोष्ट इथे अगदी लागू पडते. एल८ चे सातही रकाने सात गोष्टींनी भरले की दोन गोष्टींचा एकमेकींवर होणारा परिणाम मोजायला जागाच उरत नाही, तो कुठल्यातरी रकान्यात गुपचूप मिसळून जातो. चुना पहिल्या रकान्यात होता, तर सहाव्या-सातव्या रकान्यातल्या परतीचा माल आणि फेल्स्पार यांची जी काही आपसातली जुगलबंदी असेल ती चुन्याच्याच खात्यावर जमा होते. चौथ्या-पाचव्याची पण. दुसऱ्या-तिसऱ्याची पण. म्हणजे ९१ चा फरक शुद्ध चुन्याचाच असं छातीठोक सांगता येत नाही. इनाच्या बाबतीत पुढे प्रत्यक्ष उत्पादनात निकाल टिकला म्हणून ठीक, पण तो टिकला याचं श्रेय तक्त्याइतकंच मातीकाम कळणाऱ्या माणसांना पण आहे, चुना निवडायचं त्यांना सुचलं होतं.

जाता जाता, हे असे तक्ते काही जपानमध्ये उगवलेले नाहीत. ऑर्थोगोनल ॲरेचं, म्हणजे एल८ सारख्या तक्त्यांचं, गणित कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आपल्या सी. आर. राव यांनी १९४७ मध्ये मांडलं, आणि तागुची स्वतः १९५४-५५ मध्ये, म्हणजे या टाईल प्रयोगानंतर, त्याच संस्थेत येऊन राहून गेले. त्या संस्थेची क्वालिटी कंट्रोलची केंद्रं मुंबईत आणि पुण्यात पण आहेत. तरी आपल्या एमआयडीसीत हे सगळं 'जपानी टेक्निक' म्हणून शिकवलं जातं.

कोणाला करून बघायचंच असेल तर माझं सांगणं एवढंच की पहिल्या वेळेला सातही रकाने भरू नका. चार गोष्टी घ्या, त्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या रकान्यात टाका, बाकीचे तीन रकाने मोकळे सोडा. मग कुठल्याही दोघांची जुगलबंदी या चारांच्या खात्यात येत नाही, ती मोकळ्या रकान्यांत दिसते, आणि एखाद्या मोकळ्या रकान्याची बेरीज मोठी आली तर समजायचं कुठल्यातरी जोडीत काहीतरी चाललंय. ती जोडी कुठली हे तक्ता नाही सांगणार, ते भट्टीवरच्या किंवा मशीनवरच्या जुन्या ऑपरेटरला विचारा. आणि चार गोष्टींत एक तरी खर्च कमी करणारी असू द्या, आणि परत वापरायचा माल असेल तर तो एक रकाना ठरलेलाच.